ऐकू येतं, पण कळत नाही

सत्तरी ओलांडलेला माणूस नाटकाला जायचं बंद करतो, तेव्हा कारण विचारलं तर तो गुडघे सांगतो. जिने सांगतो, रात्री उशीर होतो म्हणतो, हल्ली नाटकं पूर्वीसारखी राहिली नाहीत म्हणतो. कान काही सांगत नाही. चष्मा लागण्यात आपल्याकडे कमीपणा नाही, पण श्रवणयंत्र लागलं की ‘म्हातारा बहिरा झाला’ एवढं बोलून लोक मोकळे होतात. घरचं माणूस मात्र ओळखून असतं. नाटक ऐन रंगात असताना शेजारच्या खुर्चीतून तिसऱ्यांदा ‘अगं, काय म्हणाला तो?’ असं आलं आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान वळवून बघितलं, की पुढच्या नाटकाला तिकीट एकच काढलं जातं. नाहीतर काढलंच जात नाही.

डॉक्टरांसमोर हाच माणूस सांगतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ ही तक्रार अक्षरशः खरी असते. वयाबरोबर कान आधी उंच कंप्रतेचे आवाज सोडतो. बोलण्यात स्वरांचा जोर खालच्या कंप्रतांत असतो, त्यामुळे स्वर पोचतात. स, श, त, थ, क, ख, प, फ या व्यंजनांची खूण वरच्या कंप्रतांत असते, ती गळते. मग ‘साठ’, ‘काठ’, ‘पाठ’ आणि ‘ताट’ एकसारखेच कानावर पडतात आणि कुठला शब्द होता ते संदर्भावरून ओळखावं लागतं. विनोदी नाटकात तेवढी सवड नसते. अख्खं प्रेक्षागृह हसून मोकळं झाल्यावर यांना शब्द लागतो.

यावर आपल्याकडे सर्रास होणारा उपाय म्हणजे ‘आवाज वाढवा’. लग्नाच्या हॉलपासून साहित्य संमेलनाच्या मांडवापर्यंत सगळीकडे हेच. आवाज वाढवला की आधीच पोचणारे स्वर आणखी मोठे होतात आणि अशक्त व्यंजनं त्यांच्याखाली दबतात. शिवाय प्रेक्षागृहात खरी अडचण अंतराची असते. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. नटापासून दोन मीटरवर बसलेल्याला जे मिळतं, ते सोळा मीटरवर १८ डेसिबलने कमी होऊन पोचतं. त्याच वेळी भिंतींवरून आणि छतावरून परतणारा आवाज, पंखे, खोकला, वेफर्सच्या पुड्या मात्र सगळ्या रांगांत जवळपास सारख्याच. निरोगी कान या गर्दीतून हवं ते वेचतो. उताराला लागलेल्या कानाला ते जमत नाही. त्याचं श्रवणयंत्र कितीही महागाचं असलं, तरी यंत्राचा माइक असतो त्याच्या स्वतःच्या कानावर. म्हणजे तोही सोळा मीटरवरच. शेजारच्याचा खोकला तो इमानेइतबारे मोठा करून देतो.

म्हणून माइक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ हवा आणि तिथला आवाज वाटेत कुठेही न सांडता थेट ऐकणाऱ्याच्या कानात उतरायला हवा. प्रेक्षागृहासाठीच्या श्रवणसाहाय्य यंत्रणेची सगळी मेख एवढीच. बिनतारी एफएम यंत्रणा हा तिचा जुना आणि भरवशाचा प्रकार.

कोल्हापुरात हा विषय आत्ता काढायला कारण आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले. तिथलं कोलोसियम बघून त्यांच्या मनात खासबागेच्या कुस्ती मैदानाची कल्पना आली, असं सांगितलं जातं. मैदानाला लागूनच त्यांनी नाट्यगृह उभं केलं. १९१३ला काम सुरू झालं आणि १९१५ला ‘पॅलेस थिएटर’ तयार झालं. १९५७ साली त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. या वास्तूच्या आवाजाबद्दल कोल्हापूरकर अभिमानाने बोलतात. प्रेक्षागृहात मध्ये खांब नाहीत, रंगमंचाखाली पाण्याचा खड्डा ठेवलाय, म्हणून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द जातो, अशी कथा इथला प्रत्येक जुना रंगकर्मी सांगतो. पाण्याने नेमकं किती काम केलं हे ध्वनिशास्त्रज्ञाने मोजून सांगावं. पण माइक नसलेल्या काळात ही काळजी घेणं भाग होतं, यात शंका नाही.

आणि केशवरावांना माइकची गरज कुठे होती? कोल्हापुरात १८९० साली जन्मलेला हा गायकनट चढ्या पट्टीतल्या, धारदार आवाजासाठी प्रसिद्ध होता. १९०८मध्ये हुबळीला त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, त्यात ते धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस. त्या पिढीचे नट शेवटच्या रांगेला गळ्याने गाठत. आपण त्याचं कौतुक करतो ते रास्तच आहे. पण त्या रांगेत तेव्हाही कुणीतरी कानामागे तळहात धरून बसलेलं असणार, त्याचा हिशेब नाट्येतिहासात कुणी ठेवला नाही.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, छप्पर, खुर्च्या गेल्या. रस्त्यावर उभं राहून रंगकर्मी रडले. ‘जसंच्या तसं उभं करा’ ही मागणी त्याच आठवड्यात सुरू झाली, सरकारने निधी जाहीर केला आणि महापालिकेच्या या वास्तूची पुनर्बांधणी हाती घेतली गेली. ‘जसंच्या तसं’ हा आग्रह मला समजतो. दगड, कमानी, लाकूडकाम जसंच्या तसं हवंच. ऐकण्याच्या बाबतीत मात्र जुन्या वास्तूतही काही खुर्च्यांवरच्या माणसांना अर्धंच नाटक मिळत होतं, ते जसंच्या तसं परत आणायचं काही कारण नाही. भिंती आणि जमीन उघडी असते तेव्हा श्रवणसाहाय्याच्या तारांसाठी नळी टाकायला लागतो तो पाइपचा आणि गवंड्याच्या अर्ध्या दिवसाचा खर्च. गिलावा झाल्यावर तेच काम वारसा समितीच्या परवानग्यांपासून सुरू होतं.

तर यंत्रणेत असतं काय? साउंडवाल्याच्या मिक्सरशेजारी एक छोटा ट्रान्समीटर, त्याला एक अँटेना. प्रेक्षकाच्या हातात खिशात मावणारा रिसीव्हर आणि इअरफोन. नभोवाणीचंच तत्त्व, फक्त केंद्राचा पल्ला एका इमारतीपुरता. यात आवाजाला उशीर होत नाही. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने जाते, तर हवेतून जाणाऱ्या आवाजाला वीस मीटर कापायला सुमारे ६० मिलिसेकंद लागतात. म्हणजे शेवटच्या रांगेतल्या रिसीव्हरवाल्याला संवाद शेजाऱ्याच्या किंचित आधी मिळतो. आयुष्यभर उशिरा हसलेल्या माणसासाठी ही गंमत छोटी नव्हे.

जोडणीत पहिली चूक होते ती मुख्य स्पीकरचाच आवाज ट्रान्समीटरला देण्याची. स्पीकरचं मिश्रण खोलीसाठी केलेलं असतं. ऑर्गन आणि तबला रंगमंचावरून तसेही ऐकू येतात म्हणून साउंडवाला ते स्पीकरमधून कमी सोडतो, कधी सोडतच नाही. तेच मिश्रण इअरफोनमध्ये गेलं तर गाणं साथीविना ऐकू येईल. किंवा उलट, पार्श्वसंगीताचा ट्रॅक शब्दांवर चढून बसेल. म्हणून मिक्सरच्या ऑक्स आउटवरून, म्हणजे मुख्य स्पीकरपासून वेगळ्या जोडणीवरून, स्वतंत्र मिश्रण काढायचं. त्यात शब्द पुढे, साथ मागे, कुजबुज आणि आरोळी यांतलं अंतर कॉम्प्रेसरने थोडं आवळलेलं. एक माइक प्रेक्षागृहाकडे तोंड करून टांगायचा आणि अगदी हलका मिसळायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला हशा आणि टाळीही मिळते. हा माइक नसला तर माणूस गर्दीत बसून एकटा पडतो. मिक्सर आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकायचा, नाहीतर वायरिंगमधला ५० हर्ट्झचा हम नाटकभर कानात घुमत राहतो.

अँटेना रॅकच्या लोखंडी पेटीत कोंबायची नाही. ७२ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी जवळजवळ एक मीटर भरते, २१६ मेगाहर्ट्झला ३५ सेंटिमीटर. एवढी दांडी उंचावर, पत्र्यापासून आणि लोखंडी कैच्यांपासून दूर, प्रेक्षकांच्या नजरेच्या टप्प्यात हवी. दुसऱ्या टोकाला बऱ्याचशा रिसीव्हरमध्ये इअरफोनची वायर हीच अँटेना असते. आजोबा रिसीव्हर खिशात टाकतात, उरलेली वायर नीट गुंडाळून रबरबँड लावतात आणि खरखर सुरू झाली की यंत्राला नावं ठेवतात. वायर शर्टावर मोकळी सोडली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. हे रिसीव्हर देणाऱ्याने देतानाच सांगायचं. त्यासाठी इंजिनियर लागत नाही.

आता कायद्याकडे वळू. परदेशी कॅटलॉग बघून माल मागवणारे इथेच अडकतात. अमेरिकेत श्रवणसाहाय्यासाठी ७२ ते ७६ मेगाहर्ट्झमधला काही भाग आणि २१६ ते २१७ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरता येतो. त्यातला पहिला त्यांच्या जुन्या टीव्हीच्या चौथ्या आणि पाचव्या वाहिनीच्या मधल्या फटीत बसवलेला. तिथलं यंत्र डब्यातून काढून इथे चालू केलं तर भारतात तो पट्टा आपसूक मोकळा ठरत नाही. इथला वर्णपट दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या हातात आहे. युरोपात बिनतारी ध्वनीसाठी ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झ वापरतात, आपल्याकडे परवानामुक्त पट्टा सुरू होतो ८६५पासून. दोन मेगाहर्ट्झची चुकामूक, पण चुकामूकच. ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणारे ८८ ते १०८चे ट्रान्समीटर तर विसराच. त्या पट्ट्यात कोल्हापुरात आकाशवाणी आहे, टोमॅटो एफएम आहे, आणि विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे. म्हणून पुरवठादाराला किंमत विचारायच्या आधी भारतातली कंप्रता आणि डब्ल्यूपीसीचं उपकरण मान्यतापत्र, म्हणजे ईटीए, मागायचं. कागद दाखवता येत नसेल तर चहा पाजून निरोप द्यावा. ८६५च्या पुढच्या आणि २.४ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यांत चालणाऱ्या डिजिटल यंत्रणा हा पर्याय आहे. तत्त्व तेच, फक्त उशीर किती ते मोजून घ्यायचं.

एफएमलाच चिकटून बसा असं मी म्हणणार नाही. इन्फ्रारेड यंत्रणेत रेडिओचा परवाना लागत नाही आणि आवाज भिंतीबाहेर जात नाही, पण दिसण्याच्या रेषेत बसावं लागतं आणि उन्हात ती आंधळी होते. फोनवर वायफायने आवाज देणाऱ्या यंत्रणेत उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढेही जातो, मग ओठ एक आणि शब्द दुसरा. शिवाय अंधारात उजळलेले फोन. २०२२मध्ये जाहीर झालेलं ब्लूटूथचं ऑराकास्ट पुढे बहुधा सगळ्यांना मागे टाकेल, पण ते ऐकू शकणारी श्रवणयंत्रं आज कोल्हापुरातल्या किती पेन्शनरांच्या कानात असतील?

चुंबकीय लूप मात्र वेगळ्या तोलाची गोष्ट आहे. जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ साली ब्रिटनमध्ये त्याचं पेटंट घेतलं. जमिनीखाली तारेचं वेटोळं, त्यातून आवाजाचा प्रवाह, आणि श्रवणयंत्रातली टी-कॉइल तो थेट उचलते. प्रेक्षकाने फक्त यंत्र ‘टी’वर करायचं. रिसीव्हर नको, वायर नको, कुणाला सांगायला नको. लंडनच्या टॅक्सीतसुद्धा तो असतो. आपल्याकडची अडचण दुहेरी आहे. नाट्यगृहातले प्रकाशाचे डिमर टी-कॉइलमध्ये गुणगुणतात आणि जमिनीतल्या सळ्या चुंबकीय क्षेत्र पिऊन टाकतात. हे चांगल्या आराखड्याने सुटतं. आंतरराष्ट्रीय मानकात क्षेत्र किती हवं आणि गुणगुण किती चालेल याचे आकडेच दिलेत. दुसरी अडचण आराखड्याने सुटत नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यातल्या बहुतेकांकडे श्रवणयंत्रच नसतं, आणि असलेल्यांच्या इवल्याशा यंत्रांत टी-कॉइल असेलच असं नाही. म्हणून माझं मत असं, की केशवराव भोसले नाट्यगृहात लूपची नळी जमिनीत आत्ताच टाकून ठेवावी, पण पहिल्या दिवसापासून चालवावी ती रिसीव्हरची यंत्रणा. ज्यांच्या यंत्रात टी-कॉइल आहे त्यांना गळ्यात घालायचा छोटा लूप द्यायचा, बाकीच्यांना साधा हेडफोन. ज्यांना आवाजाचा काहीच उपयोग नाही त्या कर्णबधिर प्रेक्षकांची गरज यातल्या कशानेच भागत नाही. त्यांना खुणांची भाषा आणि पडद्यावरचा मजकूर लागतो, तो वेगळ्याच लेखाचा विषय.

किती रिसीव्हर ठेवायचे? अमेरिकेच्या सुगम्यता मानकात कोष्टकच आहे. पाचशेच्या वर, हजारापर्यंत खुर्च्या असतील तर वीस, आणि पाचशेच्या पुढच्या दर तेहतीस खुर्च्यांमागे एक. त्यातले पाव टी-कॉइलशी जुळणारे. आठशे खुर्च्यांचं नाट्यगृह धरलं तर तीसेक होतात. संगीत नाटकाच्या प्रयोगाला ते कमी पडतील, एकपात्रीला पडून राहतील. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, की साठीच्या पुढच्यांत पंचवीस टक्क्यांहून जास्त लोकांना अडथळा ठरण्याइतकं कमी ऐकू येतं. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षागृहावर नजर फिरवा आणि पांढरी डोकी मोजा.

भारतातही कायदा गप्प नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६मध्ये सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेची कलमं आहेत आणि संस्कृती-मनोरंजनासाठी स्वतंत्र २९वं कलम आहे. २०२१ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सभागृहातल्या श्रवणसाहाय्याचा विचार करतात. ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाखालच्या, नुसत्या शिफारशीवजा राहिलेल्या पंधराव्या नियमावर बोट ठेवलं आणि बंधनकारक नियम वेगळे काढायला सांगितले. नाट्यगृह जळाल्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी. मात्र याच अधिनियमात ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ कोण? दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असलेली. ४५ किंवा ५० डेसिबल घट असलेले आजोबा कायद्याच्या लेखी दिव्यांग नाहीत, त्यांच्याकडे दाखला नाही, सवलत नाही. पण नाटक त्यांच्या हातून सुटलेलं असतं. त्यामुळे रिसीव्हर देताना कुणाकडे दाखला मागायचा नाही, हा नियम आधी लिहून ठेवला पाहिजे. मागितला की ज्यांच्यासाठी यंत्रणा आणली तेच परत जातील.

यंत्रणा बहुतेक ठिकाणी मरते ती या देवघेवीत. उद्घाटनाला पाहुण्यांच्या कानाला लावून फोटो निघतात आणि सहा महिन्यांनी रिसीव्हर कपाटात, किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे. कोल्हापुरात रोज हजारो भाविकांचे जोडे अंबाबाईच्या देवळाबाहेर बिल्ल्यावर सांभाळले जातात, एवढ्याच सहजतेने रिसीव्हर द्यायला-घ्यायला हवेत. तिकीट खिडकीशेजारी ठळक पाटी, कानाचं चिन्ह, नंबर घातलेला रिसीव्हर आणि तोच नंबर असलेला बिल्ला. आधार कार्ड ठेवून घ्यायला लागलात तर रांग लागेल आणि तिसरी घंटा होईल. हेडफोनवरचे स्पंजचे गोळे प्रत्येक प्रयोगाला बदलायचे. दुसऱ्याच्या कानातलं कुणी कानात घालत नाही. सेल चार्ज होणारे घ्यायचे आणि चार्जिंगचा खोका कपाटात नव्हे, त्याच खिडकीत.

तपासणी रिकाम्या प्रेक्षागृहात करून चालत नाही. माणसांची शरीरं रेडिओलहरी शोषतात. रिकाम्या हॉलमध्ये खणखणीत येणारा आवाज भरल्या प्रयोगाला गॅलरीखाली तुटू शकतो. तेव्हा पहिल्या दोन-चार प्रयोगांना एकाने रिसीव्हर लावून कडेकडेने फिरायचं, प्रत्येक कोपऱ्यात थांबायचं, कुठे खरखर होते ते बैठकीच्या नकाशावर खुणेने टिपायचं. आणि हे काम साउंडवाल्याकडून करून घेऊ नये. त्याच्या कानाला सगळंच चांगलं ऐकू येतं. ज्याला कमी ऐकू येतं अशा, स्पष्टवक्त्या माणसाला फिरवावं. कोल्हापुरात स्पष्टवक्त्यांची वाण नाही.

राहता राहिली मराठी नाटकाची खास अडचण, जी कुठल्याच परदेशी माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. आपल्याकडे नाटक कंपनी बसमधून येते ती आपला साउंड, आपला मिक्सर आणि आपला माणूस घेऊन. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर तर रोज वेगळा संघ, रोज वेगळी जुळवाजुळव. पडदा वर जायला वीस मिनिटं असताना त्या माणसाला ‘आमच्या ट्रान्समीटरला एक ऑक्स दे’ म्हटलं तर तो काय म्हणेल, ते छापण्यासारखं नाही. म्हणून नाट्यगृहाने आपलं असं काहीतरी कायमचं ठेवायला हवं. रंगमंचाच्या कमानीवर टांगलेले, कुणी न काढणारे दोन माइक थेट ट्रान्समीटरला जोडलेले. कंपनीने काहीच दिलं नाही तरी किमान तेवढं ऐकू येईल. छातीवरच्या माइकइतकं स्वच्छ नाही, पण सोळा मीटरवरून येणाऱ्यापेक्षा कितीतरी बरं. आणि साउंडच्या टेबलापाशी भिंतीत एक सॉकेट, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘श्रवणसाहाय्य – इथे जोडा’. कंपनीने वायर खोचली की माइकवरून आपोआप तिकडे बदल होईल अशी सोय.

नाट्यगृह भाड्याने घेताना संस्था ज्या अटींवर सही करते, त्यात पानसुपारीची पिचकारी मारू नये, खिळे ठोकू नयेत, अकरापर्यंत प्रयोग संपवावा, असं सगळं असतं. त्याच यादीत आणखी एक ओळ घालायला महापालिकेला एक रुपयाही लागणार नाही: प्रयोगाच्या ध्वनिव्यवस्थेची एक वायर श्रवणसाहाय्याच्या सॉकेटला जोडली जाईल, आणि ती जोडल्याची खात्री करूनच व्यवस्थापक तिसरी घंटा देईल.